काळ्या शिलाई मशीनवर खालून दोऱ्याचं जाळं, वरून टीप सरळ. टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, कुठून सुधारायचं?

सिडको_शिवणकाम
पायाची काळी मशीन आहे, साधी सरळ टीप मारणारी. दोन पदरी पॉपलिनवर टीप वरून ठीक दिसते, पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. पहिल्या चार-पाच टाक्यांत तर असा गोळा होतो की कापड सुईखालच्या पट्टीतच अडकतं. सुई १४ नंबरची, दोरा साधा पॉलिएस्टर. जाळं खाली येतंय म्हणून बॉबिन केसचा (खालची बॉबिन धरणाऱ्या डबीचा) स्क्रू दोन फेरे आवळून पाहिला, जाळं उलट वाढलं. केस बदलावी की शटल, म्हणजे केसभोवती फिरणारा टोकदार भाग? नाशिकमध्येच पार्ट बघायचे आहेत.

पंचवटी_कटिंग
ताई, काहीही विकत घेऊ नका. खाली जाळं दिसलं की दोष वरच्या दोऱ्यात शोधायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण टाका बनतो कसा ते पाहिलं की लक्षात येतं.

सुई खाली गेल्यावर वरच्या दोऱ्याचा फास शटलच्या टोकात सापडतो. तो फास पूर्ण बॉबिन केसला वळसा घालतो. मग वरखाली होणारी दांडी, म्हणजे टेक-अप, वर जाताना तो फास ओढून कापडात आवळते. आता टेन्शनच्या चकत्यांनी, म्हणजे वरचा दोरा दाबून धरणाऱ्या गोल पत्र्यांनी, वर दोरा धरलेलाच नसेल, तर दांडी फास ओढायच्या ऐवजी रिळातून नवा दोरा ओढून घेते. खालचा फास सैल राहतो आणि प्रत्येक टाक्याला एक असं करत जाळं जमतं. तुम्ही बॉबिनचा स्क्रू आवळलात तेव्हा खालचा दोरा आणखी ताठ झाला आणि त्याने वरच्या सैल दोऱ्याला अजूनच खाली खेचलं. म्हणून वाढलं.

आता करायचं असं. वरचा दोरा पूर्ण काढा. फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, वर उचला, आणि फूट वर असतानाच दोरा पुन्हा ओवा. फूट वर असला की चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्या मधोमध आत जातो. फूट खाली असताना ओवला तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा नुसता कडेवर बसतो आणि टेन्शन शून्य. दहातल्या सात मशीनना एवढंच झालेलं असतं. चकत्यांमधून आला की दोरा बारीक तारेच्या स्प्रिंगमध्ये अडकवायचा, मग टेक-अपच्या भोकातून, मग खालच्या कड्यांमधून सुईकडे. टेक-अप चुकला तरी अगदी असंच जाळं होतं, तेही तपासा.

ओवून झालं की सुईत दोरा घालायच्या आधी हाताने ओढून पाहा. फूट वर: दोरा अलगद सुटला पाहिजे. फूट खाली: चांगला अडसर जाणवला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सुटत असेल तर चकत्यांत मळ अडकलाय किंवा चकत्या सोडवणारी मधली पिन अडकलीये.

आणि सुरुवातीच्या गोळ्याचं वेगळं कारणही असतं. दोन्ही दोऱ्यांची टोकं तीन-चार इंच लांब ठेवून फुटाखालून मागे घ्या आणि पहिले दोन-तीन टाके होईपर्यंत बोटाने धरून ठेवा.

नाशिकरोड_मशीन_दुरुस्ती
वरचं सगळं बरोबर. त्यात सुईची भर घालतो, कारण सुई उलटी बसली असेल तर टेन्शन कितीही फिरवा.

घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते. दुसऱ्या बाजूला नेढ्यापर्यंत लांब खाच असते, नखाने चाचपली तर लागते. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने आत घालायचा. चपट्या बाजूला नेढ्याच्या जरा वर सुई आत कोरलेली असते, शटलचं टोक तिथून जातं. त्यामुळे चपटी बाजू शटलच्या टोकाकडे आली पाहिजे. मशीनची सरकती पट्टी सरकवून हातचाक हळू फिरवा, टोक सुईच्या कुठल्या बाजूने जातं ते डोळ्यांनी दिसतं. समोरून बॉबिन टाकायच्या झिगझॅग मशीनला चपटी बाजू मागे आणि दोरा पुढून मागे. सुई वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा. एक-दोन मिलिमीटर खाली राहिली तरी टाके उडतात.

पायाच्या मशीनला आणखी एक: चाक उलटं फिरलं की त्याच क्षणी खाली गुंता. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. पायडल मारायच्या आधी हाताने चाकाला आपल्याकडे ढकला, मग पाय लावा.

गंगापूररोड_हौस
शटल घासलं असेल तरी असं होतं. मी तर म्हणेन सरळ नवीन शटल आणि केस टाका, कटकट संपेल.

नाशिकरोड_मशीन_दुरुस्ती
दादा, नका असं सुचवू. नवीन शटल घासून बसवावं लागतं, टोक आणि सुई यांतलं अंतर कागदाच्या जाडीहूनही कमी असतं. चालू शटल काढून नवं टाकलं आणि ते नीट बसलं नाही तर आज नसलेला दोष उद्या तयार होतो. शटल खराब असतं तेव्हा टाके उडतात किंवा दोरा पिंजतो. ताईंचे टाके उडत नाहीयेत, वरून टीप सरळ आहे.

सिडको_शिवणकाम
फूट वर करून पुन्हा ओवला. जाळं गेलं! फूट खाली असताना आता दोरा घट्ट लागतो. पण दोन गोष्टी उरल्यात. एक, बॉबिनचा स्क्रू दोन फेरे आवळलेला आहे, तो मूळ जागी कसा आणू? दुसरी, खालच्या बाजूला मधूनच एखादा सैल लूप येतो. सलग नाही. बाकी टीप छान.

पंचवटी_कटिंग
आधी स्क्रू. केसवर दोन स्क्रू दिसतील. एक स्प्रिंगच्या पट्टीच्या टोकाला, तो पट्टी धरून ठेवतो, त्याला हात लावायचा नाही. दुसरा पट्टीच्या मध्याकडे, जरा मोठ्या डोक्याचा, तो टेन्शनचा. हे काम ताटात किंवा पांढऱ्या फडक्यावर करा. स्क्रू इतका बारीक असतो की फरशीवर पडला तर गेलाच.

दोन फेरे उलटे सोडा आणि मग लोंबकळण्याची परीक्षा घ्या. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याचं टोक धरून केस हवेत सोडा. स्वतःच्या वजनाने ती खाली घसरत गेली तर सैल. हाताला हलका झटका दिल्यावर दोन-तीन इंच उतरून थांबली तर बरोबर. झटका देऊनही जागची हलत नसेल तर घट्ट. इथून पुढे स्क्रू फिरवायचा तो फेऱ्याच्या आठव्या भागाने. घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर बारावरून दीडवर, बस. जमलं की स्क्रूच्या खाचेच्या रेषेत केसवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, पुन्हा कधी फिरला तर परत यायला खूण राहते.

फिरवण्याआधी पट्टीखाली साचलेला कापसाचा मळ काढा. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा पट्टीखालून सरकवला की निघतो. सुईने किंवा पिनेने खरवडू नका, ओरखडा पडला की दोरा कायमचा अडकत राहतो.

बॉबिन घालताना दिशा पाहा. केसमध्ये घातल्यावर उघडी बाजू आपल्याकडे धरून दोरा ओढला तर बॉबिन घड्याळाच्या दिशेने फिरली पाहिजे. दोरा फटीत जाऊन उलट वळून पट्टीखाली येतो, तो वळसाच ताण सारखा ठेवतो. वरून टाकायच्या बॉबिनच्या बहुतेक मशीनना दिशा याच्या उलट असते.

नाशिकरोड_मशीन_दुरुस्ती
मधूनच येणारा लूप, याचं उत्तर मोजपट्टीत आहे. एक लांब टीप मारा आणि दोन लुपांमधलं अंतर मोजा.

अंतर प्रत्येक वेळी सारखं येत असेल तर रीळ. काळ्या मशीनवर रीळ उभ्या खिळ्यावर असतं आणि दोऱ्याबरोबर फिरतं. अडीच सेंटीमीटर व्यासाच्या रिळाचा एक फेरा म्हणजे जवळपास आठ सेंटीमीटर दोरा. टिपेला कापडाच्या लांबीपेक्षा दोरा जास्त लागतो, कारण तो कापडात वरखाली शिरतो. म्हणजे रिळाच्या कडेला दोरा अडकत असेल तर झटका साधारण सहा सेंटीमीटरवर येणार. अंतर बॉबिन रिकामी होत जाईल तसं कमी होत असेल तर बॉबिन वाकडी आहे किंवा कडेला पोचा पडलाय, कारण आतल्या थरांचा फेरा लहान असतो. आणि अंतराला काही हिशेबच नसेल तर बॉबिन सैल-घट्ट भरली गेली आहे.

बॉबिन भरताना दोरा भरणीच्या छोट्या चकत्यांमधून गेलाच पाहिजे, नुसता हातात धरून भरली की पोकळ भरते. कडेपासून किंचित आत थांबा, काठोकाठ नको. जुन्या दोऱ्यावर नवा दोरा भरू नका.

येवला_रेशीम
याच धाग्यात विचारते. पैठणीच्या ब्लाऊजला खांद्यावर आणि बाहीच्या जोडाला चुण्या येतात. टेन्शन कमी केलं तर टीप सैल, वाढवलं तर चुण्या. काठाच्या जरीवर सुई टक टक वाजते. खाली सुती अस्तर आहे.

पंचवटी_कटिंग
ताई, रेशमावर दोन्ही दोरे एकत्र सैल करायचे असतात. तुम्ही फक्त वरचा फिरवताय, म्हणून तोल जातोय. टाक्याची गाठ दोन कापडांच्या मध्ये बसणं एवढाच तोल नाही, एकूण ताणही कापडाला झेपला पाहिजे. दोन्ही दोरे ताठ असतील तरी गाठ मध्यावरच बसते, पण रेशीम आखडतं. तेव्हा आधी बॉबिन आठवा भाग सोडा, मग वरचा त्याला जुळवा. पैठणीसाठी बॉबिन केस वेगळी ठेवली तर फार बरं, रोजच्या केसचा स्क्रू हलवावा लागत नाही.

सुई ११ नंबरची, नवी. जरी म्हणजे धातूचं वेष्टण असलेला धागा, सुईचं टोक त्यावर पटकन बोथट होतं. टक टक हा बोथट सुईचाच आवाज. एका ब्लाऊजला एक सुई, असा नियमच ठेवा. टाका दोन ते अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाला दहा-बारा. फार बारीक टाका घातला तर भोकांच्या रांगेने रेशीम फाटतं. फुटाचा दाब वरच्या स्क्रूने थोडा कमी करा, जास्त दाबाने वरचा पदर पुढे सरकतो आणि त्याच्याच चुण्या दिसतात, टेन्शनच्या नव्हे. तरीही आल्या तर कापडाखाली पातळ टिश्यू कागदाची पट्टी घालून टीप मारा आणि नंतर फाडून काढा.

सुती अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री केलेलं होतं ना? नसेल तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटेल आणि टीप कितीही चांगली असली तरी चुण्या येतील. फॉललाही हेच. आणि चाचणी ब्लाऊजपीसच्या कापून उरलेल्या काठावरच घ्या, दुसऱ्या कापडावर नाही. रेशमात उसवलेल्या टिपेची भोकं दिसत राहतात, म्हणून एवढं सांगते.

येवला_रेशीम
अस्तर भिजवलं नव्हतं. सुईही जुनीच. आधी या दोन गोष्टी करते.

निफाडकर_७७
आमच्याकडे थंडीत सकाळी मशीन जड होते, पायडल मारवत नाही. दुपारी बरी चालते. टीपही सकाळी सैल-घट्ट. दोरा बदलून पाहिला.

नाशिकरोड_मशीन_दुरुस्ती
तेल कोणतं घालता? खोबरेल असेल तर उत्तर तेच. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि निफाडला हिवाळ्यात पारा १० च्या खाली उतरतो. सकाळी मशीनच्या सांध्यांत अक्षरशः तूप बसलेलं असतं. दुपारी वितळतं. शिवाय खोबरेल कालांतराने चिकट होऊन पिवळा थर धरतं, तो उन्हाळ्यातही जात नाही. मोहरीचं, गोडं तेल, तेही नको.

धुऊन काढा. दोरा, सुई, बॉबिन काढून ठेवा. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडून चाक पाच मिनिटं रिकामं फिरवा, काळं पाणी पुसा, पुन्हा करा. जवळ शेगडी-दिवा नको आणि चामडी पट्ट्यावर रॉकेल सांडू देऊ नका. रॉकेल वंगण नाही, ते राहिलं तर सांधे कोरडे घासतात, म्हणून लगेच शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल प्रत्येक भोकात एक-दोन थेंब. शटल जिथे घासून फिरतं त्या कडीवर एकच थेंब. शटल काढाल तेव्हा कोपऱ्यात अडकलेले दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढा, चाक जड होण्याचं तेही मोठं कारण आहे. नंतर चिंधीवर टीप मारत राहा, दोऱ्यावर तेलाचा डाग येणं थांबेपर्यंत. टेन्शनच्या चकत्यांना मात्र तेल कधीही नाही. तिथे दोरा धरला जायला हवा, घसरायला नको. तिथला मळ काढायला फूट वर करून सुती कापडाची घडी चकत्यांमधून ओढा.

सातपूर_टीशर्ट
होजिअरीवर टाके उडतात. सुती कापडावर एकही उडत नाही. टेन्शन?

पंचवटी_कटिंग
टेन्शन नाही, सुई. होजिअरी ताणणारी असते, साधी टोकदार सुई वर येताना कापडाला चिकटून सोबत उचलते. कापड वर उचललं गेलं की सुईमागे फास तयारच होत नाही आणि शटल रिकामं जातं. गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई मागा, ११ किंवा १४. झिगझॅग मशीन असेल तर अगदी अरुंद झिगझॅग ठेवा, म्हणजे अंगात घालताना टीप तटकन तुटणार नाही.

गंगापूररोड_हौस
मग माझाही प्रश्न घ्या. वरचा दोरा तुटण्याआधी पिंजतो, सुईच्या वर लोकरीसारखा फुगतो. सुई नवी घातली, दोरा बदलला.

नाशिकरोड_मशीन_दुरुस्ती
दोरा जाड आणि सुई बारीक असेल तर नेढ्यात घासून पिंजतो. परीक्षा सोपी: सुई सुटी काढून दोरा ओवा, दोरा तिरका ताणून धरा, सुई आपोआप खाली घसरत आली पाहिजे. अडकत असेल तर एक नंबर मोठी सुई.

ती घसरत असेल तर सुईच्या खालच्या पट्टीचं भोक पाहा. टाचणीवर सुई आपटली की सुई वाकून पट्टीवर बसते आणि भोकाच्या कडेला बारीक कुसळ उठतं. डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा भोकाच्या कडेवरून फिरवा, तंतू अडकले की सापडलं. पॉलिश पेपर १००० नंबरचा, त्याची सुतळीसारखी पिळलेली पट्टी भोकातून घालून त्या कडेवर दहा-पंधरा वेळा ओढा. शटलच्या टोकालाही बोळा लावून पाहा. तिथे कुसळ असेल तर नुसतं गुळगुळीत करायचं, धार लावायची नाही आणि टोक आखूडही करायचं नाही. टोक मोडलेलंच असेल तर मात्र शटल बदला, तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर.

मेन रोडला किंवा कुठेही पार्ट घ्यायला जाल तेव्हा जुनं शटल आणि जुनी बॉबिन खिशात न्या. काळ्या मशीनची नेहमीची बॉबिन २०.३ मिलिमीटर व्यासाची आणि ११.७ उंच असते. कारखान्याच्या मशीनची एक बॉबिन व्यासाने तेवढीच पण उंची ८.९. नुसती वरून पाहिली तर सारखी दिसते, केसमध्ये डगडगते आणि मग टेन्शन जुळतच नाही.

सिडको_शिवणकाम
मोजलं. लूप दर सव्वादोन इंचांवर, बॉबिन अर्धी झाली तरी अंतर तेच. रिळाच्या वरच्या कडेला दोरा खोचायची चीर आहे, त्यात अडकत होता. रीळ उलटं केलं, चीर खाली गेली, लूप बंद.

लोंबकळण्याच्या परीक्षेत केस झटक्याला दोन इंच उतरते. तरी अजून खात्री कशी करायची? डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

पंचवटी_कटिंग
एकाच जाडीचे दोन रंग घ्या, वर लाल, खाली पांढरा. दोन पदरी पॉपलिनचा तिरका तुकडा, म्हणजे उरेबात कापलेला, त्यावर वीत-दीड वीत टीप मारा. आता टिपेची दोन्ही टोकं धरून ओढा, दोरा तुटेपर्यंत. जो आधी तुटेल तो जास्त ताठ. लाल तुटला तर वरचं टेन्शन अर्धा आकडा कमी करा. आकडे नसतील तर नट पाव फेरा. पांढरा तुटला तर बॉबिन अजून घट्ट आहे.

सिडको_शिवणकाम
पांढरा तुटला. स्क्रू बारावरून उलटा साडेदहावर सोडला, पुन्हा टीप मारली, पुन्हा ओढली. या वेळी दोन्ही एकदम तुटले. नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे.